आठ महिने, एक नकाशा आणि सड्यावरचे ड्वार्फ

रविवारी संध्याकाळी आमची टेबलटॉपची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत गोष्ट खेळणारी चौकडी रत्नागिरीत जमते. डीएमची, म्हणजे जग रचून खेळ चालवण्याची हमाली माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात नवं जग सुरू करायचं ठरलं, तेव्हा अझगारचा फँटसी मॅप जनरेटर उघडला. ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, आणि समुद्र, डोंगर, नद्या, राज्यं, गावांची नावं सगळं क्षणात समोर टाकतो. आठ महिने रोज नाही, पण दर आठवड्याला वापरलाय. पहिल्या दिवसाची नवलाई उतरल्यावरचं हे मत आहे.

सुरुवातीला कल्चर सेटमध्ये, म्हणजे नकाशावर कोणते समाज येतील त्या यादीत, 'हाय फँटसी' निवडलं. जंगलातले एल्फ हिरवे, डोंगरातले बुटके ड्वार्फ तपकिरी, राकट ऑर्क लाल. नकाशा कॅलेंडरवर छापावा असा. पहिल्याच सेशनला एकाने विचारलं, "एवढ्या जंगलात हे एल्फ खातात काय?" दुसऱ्याने विचारलं, "आणि मीठ कुठून आणतात?" मी चहा ठेवायला उठलो.

नंतर कळलं की उत्तराची सोय टूलमध्येच होती, मी बघितली नव्हती. प्रत्येक समाजाचं एक केंद्र असतं आणि तिथून तो पसरत जातो. किती पसरेल हे मुख्यतः त्याचा प्रकार आणि एक्स्पान्शनिझमचा, म्हणजे पसरण्याच्या जोराचा आकडा ठरवतो. प्रकार नेव्हल (दर्यावर्दी) असेल तर पाणी ओलांडणं स्वस्त पडतं, हायलँडवाल्यांना (डोंगरी लोकांना) सखल भाग महाग पडतो. शिवाय रिव्हर, लेक, हंटिंग, नोमॅडिक आणि जेनेरिक आहेत. मी हे सोडून पहिले दोन महिने ब्रशने हद्दी रंगवत बसलो. तुम्ही उलटं करा: आधी केंद्र ओढून योग्य जागी न्या, प्रकार ठरवा, परत मोजायला लावा, आणि ब्रश अगदी शेवटी.

माझा नकाशा म्हणजे डावीकडे समुद्र, उजवीकडे घाट, मध्ये पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. हो, घरचंच आहे. घाटावरचे लोक पायथ्याशी येऊन थांबले, छान. नेव्हल लोक मात्र एकामागून एक खाड्या ओलांडत सबंध किनाऱ्यावर पसरले. स्क्रीनवर पटलं, खेळताना नाही पटलं. जयगडच्या धक्क्यावर उभं राहिलं की तवसाळ समोर दिसतं. फेरीबोट चुकली की कळतं, ते किती लांब आहे. होडीवाल्याला खाडी हा रस्ता, बिनहोडीच्याला भिंत. आजही तिथे एका काठाला रत्नागिरी तालुका आणि दुसऱ्या काठाला गुहागर. नकाशात नदी मिळते, भरती-ओहोटी मिळत नाही. ती मी नोट्समध्ये हाताने लिहिली, 'सुकतीला चिखलातून चालत जाता येतं, भरतीला नाही' अशी. त्या एका ओळीवर आमची तीन सेशन्स निघाली.

सगळ्यात मजा ड्वार्फांनी आणली. डोंगराच्या पोटात त्यांना कोंबायचा कंटाळा आला होता, म्हणून सड्यावर आणले. आमच्याकडचा सडा म्हणजे उघडा जांभा: पावसात फुलांनी भरतो, एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, आणि पाण्याला खाली उतरावं लागतं. ड्वार्फ चिरे काढतात, खालच्या वाडीला विकतात, बदल्यात पाणी आणि सुकी मासळी घेतात. वर कातळशिल्पं कोणी कोरली हे त्यांनाही ठाऊक नाही. मीठ, पाणी, चिरा असा व्यवहार बसला आणि हद्दीची भांडणं आपोआप सुचायला लागली.

एल्फांना देवराया दिल्या. सलग राज्य नाही, गावोगाव एकेक तुकडा. इथे टूल अडतं, कारण नकाशा सेल नावाच्या छोट्या तुकड्यांचा बनतो आणि एका सेलमध्ये एकच समाज बसतो. जितके पॉइंट्स जास्त, तितके सेल लहान. नेहमीच्या दहा हजार पॉइंट्समध्ये माझा एक सेल देवराईच काय, आख्ख्या गावापेक्षा मोठा होता. पॉइंट्स वाढवायचे तर नकाशा नव्याने काढावा लागतो, हे मला गणपतीत समजलं. जुना लॅपटॉप पंख्यासारखा घरघरत होता, पण काढला.

राज्य आणि समाज हे दोन वेगळे लेअर आहेत, आणि माझ्या मते या टूलचा खरा जीव तिथे आहे. १७२०च्या सुमाराचा आपलाच किनारा घ्या. अलिबागला आंग्रे, रेवदंड्याला पोर्तुगीज, मुरुडसमोर जंजिऱ्यात सिद्दी. जेमतेम पन्नास किलोमीटरात तीन सत्ता. जाळं टाकणारे कोळी मात्र तिन्हीकडे. समुद्रावर तर रेघच नव्हती. कोणाचा परवाना जवळ ठेवावा लागतो, पोर्तुगीजांचा कार्ताझ की कान्होजी आंग्र्यांचं दस्तक, त्यावरून पाणी कोणाचं ते कळायचं. मी समुद्रात हद्द रंगवणं सोडलं. फक्त प्रत्येक बंदराला परवाना कोण देतं ते लिहिलं. आमच्या खेळातल्या चोरट्या खलाश्याकडे सध्या दोन परवाने आहेत, दोन्ही खोटे.

एक गोष्ट मात्र टाळा. खऱ्या जातीजमाती उचलून त्यांना शिंगं लावू नका. धंदा, जमीन, पाणी घ्या. आडनावं आणि बोलीची टिंगल नको. मला एकदा मोह झाला होता, मित्राचा चेहरा बघून खोडलं.

नावं मी स्वतःच ठेवली. आपोआप आलेल्या नावांत वाडी, खुर्द, बुद्रुक कुठून येणार?

आणि सेव्ह! नोव्हेंबरमध्ये ब्राउझर साफ केला आणि देवरायांसकट नकाशा गेला. चूक माझी, ब्राउझरच्या भरवशावर राहिलो. आता प्रत्येक सेशननंतर फाइल उतरवून पेनड्राइव्हवर टाकतो. सुदैवाने ऑगस्टमधली एक प्रत मित्राच्या मेलमध्ये सापडली. त्यात ड्वार्फ अजून डोंगरातच होते.