पाय मोडल्यानंतर पुन्हा बाईक : कुठला बूट घ्यावा?

माझ्या डाव्या नडगीत रॉड आहे. निपाणीकडच्या माझ्या मामेभावाच्या उजव्या घोट्याला बाहेरच्या बाजूने प्लेट आणि सहा स्क्रू. दोघांनाही आता डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीक दिली आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, तू घेतलास तोच बूट मागवतो की. फक्त नाव सांग." मी नको म्हटलं. माझ्या पायाला बसलेला बूट त्याच्या पायाला बाधला असता, आणि तो का बाधला असता हे फोनवर धड सांगता येईना. मग रविवारी त्याच्या घरी गेलो आणि पाय, एक्स-रे, मोजपट्टी असं सगळं समोर ठेवून बसलो. त्या बसण्यातून जे निघालं ते इथे लिहितोय, कारण आपल्या बेळगाव भागात असे पाय बरेच आहेत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीचा रस्ता, उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि बाराही महिने पायात चप्पल.

माझा पाय मोडला तेव्हा माझ्या पायातही सँडलच होती. जांबोटीच्या अलीकडे वळणावर लाल चिखल आला होता. वेग काही नव्हता. गाडी आडवी झाली आणि १९५ किलोची क्लासिक ३५० डाव्या पायावर बसली. बूट असता तर हाड मोडलंच नसतं असं मी म्हणणार नाही. पण घोट्याजवळची कातडी सोलून निघाली होती, ती जखम भरेपर्यंत ऑपरेशन थांबवावं लागलं. ते दिवस वाचले असते, एवढं नक्की.

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी घरीच पाहून ठेवायच्या. धातू नेमका कुठे आहे, घोटा खाली-वर किती वाकतो, आणि संध्याकाळी पाय किती सुजतो. सूज मोजायला शिंप्याची टेप पुरते: घोट्याभोवती एकाच जागी सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. पोटरीचंही माप घ्या, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून, दोन्ही पायांचं. माझी डावी पोटरी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटरने बारीक भरली. प्लास्टरमध्ये आणि बिछान्यावर स्नायू झडतात, ते सावकाश परत येतात. या अडीच सेंटिमीटरमुळे दोन बूट माझ्या हातून सुटले.

आता एकेक प्रकार घेऊ.

गमबूट. शेतावर जाणारे आपले निम्मे लोक पावसात गमबूट घालूनच गाडी चालवतात. स्वस्त, पाणी आत येत नाही, चिखल धुऊन टाकता येतो. पण मोडून जुळलेल्या पायाला तो नको. घोट्याभोवती तो ढिला असतो, पाय आत हलतो, आणि गाडी घसरली की बूट पायातून निघून रस्त्यावर पडतो. रबर घोट्याला ना आधार देतं, ना मारापासून वाचवतं. गोठ्यात, शेतात घाला. गाडीवर नको.

सेफ्टी शूज. उद्यमबागमधल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मंडळींच्या पायात असतात ते. भारतीय मानकाप्रमाणे म्हणजे आयएस १५२९८ (भाग २) चा शिक्का असलेला बूट असेल, तर त्याची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. बोटांसाठी ही मजबुती खरी आहे. पण ती वरून पडणाऱ्या लोखंडासाठी केलेली आहे. बाईक पडते ती बाजूने, आणि मार लागतो घोट्याच्या हाडांना आणि नडगीला. तिथे या बुटात बहुतेक वेळा नुसतं चामडं किंवा कापड असतं. शिवाय पुढची टोपी जाड असल्याने डावा पाय गिअर लिव्हरखाली सहज जात नाही. घोटा आखडलेला असेल तर दर गिअरला अख्खा पाय गुडघ्यातून उचलावा लागतो. ज्याला बजेटच नाही त्याने सँडलपेक्षा हे जरूर घालावेत. फक्त घोट्याचं रक्षण झालं असं समजू नये.

खरी निवड पुढच्या तीन-चारांत आहे.

छोटे रायडिंग शूज घोट्याच्या थोडे वर येऊन संपतात. दोन्ही बाजूंना कडक वाटी असते, तळवा आडवा दाबला तरी लवकर चेपत नाही, आणि ऑफिसात घालून बसता येतं. टिळकवाडीतून कॅम्पात रोज ये-जा करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. मला घालायला-काढायलाही हेच सर्वांत सोपे गेले. दोष दोन. नडगी उघडी राहते, आणि बुटाचा काठ कुठे येतो हा प्रश्न.

या काठाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. स्की करणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे की कडक बूट घोटा वाचवतो, पण जोर वर सरकतो आणि नडगीचं हाड बुटाच्या काठाशी मोडतं. आता मामेभावाचा एक्स-रे बघा. त्याची प्लेट घोट्याच्या टोकापासून साधारण दहा सेंटिमीटर वर जाऊन संपते. प्लेट जिथे संपते तिथे ताठ धातू आणि साधं हाड यांची गाठ पडते, त्यामुळे ताण तिथेच एकवटतो. आम्ही बुटाच्या बॉक्सवरची उंची वाचली आणि पायावर पेनाने रेघ मारली. छोट्या शूजचा काठ प्लेटच्या टोकापासून एक बोटभर खाली येत होता. चालताना तो काठ तिथेच घासणार, आणि पडला तर जोरही तिथेच येणार. त्याच्या डॉक्टरांना रेघ दाखवली तेव्हा त्यांनीही काठ तिथून लांब ठेवायला सांगितलं. तुमचा एक्स-रे घेऊन तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना हाच एक प्रश्न विचारा: बुटाचा काठ इथे आला तर चालेल का? दोन मिनिटांचं काम आहे.

उंच टूरिंग बूट नडगीच्या अर्ध्या-पाऊण भागापर्यंत जातात. पुढे नडगीवर कडक पट्टी, घोट्याला वाट्या, आत पाणी अडवणारं अस्तर, बाजूला चेन आणि वर वेल्क्रो. मी हाच घेतला. माझा रॉड नडगीच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत गेला आहे, घोटा जवळपास पूर्ण वाकतो, आणि दुखतं ते नडगीच्या पुढच्या धारेवर, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं. तिथे कडक पट्टी हवीच होती. बारीक पोटरीमुळे पहिले दोन बूट वरून वाटीसारखे उघडे राहिले, त्यात पावसाचं पाणी थेट आत गेलं असतं. तिसऱ्याला वरचा वेल्क्रो लांब होता, तो घट्ट बसला.

मामेभावाने माझा बूट घालून पाहिला तेव्हा गोष्ट उघड झाली. उंच बुटाचा गळा अरुंद असतो. त्यातून पाऊल आत न्यायला बोटं पूर्ण खाली ताणावी लागतात, नर्तकी चवडा ताणते तशी. त्याचा घोटा तेवढा उतरतच नाही. चेन पूर्ण उघडूनही टाच अडली, जोर लावताना तोंड वाकडं झालं. आत गेल्यावर बाहेरची वाटी बरोबर स्क्रूच्या डोक्यांवर टेकली. घोट्याच्या बाहेरच्या प्लेटवर मांस जवळजवळ नसतं, बोट फिरवलं तरी स्क्रू जाणवतात. पाच मिनिटांनी बूट काढला तर कातडीवर दोन लाल ठिपके उमटलेले.

आणखी एक फरक. माझा पाय गिअरचा, त्याचा ब्रेकचा. गिअरला जरा बधिर पाय चालून जातो. लिव्हर ज्या शाफ्टवर बसते त्याला दाते असतात, तिथे ती एक दाता वर चढवून घेतली की जाड बूटही तिच्याखाली जातो. आमच्या मेकॅनिकने पाच मिनिटांत करून दिलं. क्लासिकसारखी पुढे-मागे दोन्हीकडे लिव्हर असेल तर वरचे गिअर टाचेने दाबून टाकता येतात, पायाचा चवडा उचलावाच लागत नाही. मागच्या ब्रेकला मात्र नजाकत लागते. ओल्या रस्त्यावर थोडं जास्त दाबलं गेलं की मागचं चाक सरकलंच. उजवा पाय जायबंदी असेल तर खूप कडक तळव्याचा बूट घेऊ नका, कितीही संरक्षण असलं तरी.

म्हणूनच मोटोक्रॉसचे बूट आम्ही दोघांनीही बाजूला ठेवले. प्लास्टिकचं कवच, चार बकलं, घोट्याला बिजागरी. संरक्षणात यांच्या तोडीचं काही नाही, आणि बकलं सोडली की पुढून सताड उघडतात, त्यामुळे पाय घालणं उंच टूरिंगपेक्षा सोपं. पण ते जड असतात, नवे असताना लाकडासारखे ताठ असतात, आणि त्यात ना गिअर कळतो ना ब्रेक. माती-दगडाच्या रस्त्यावर उभं राहून गाडी चालवणाऱ्यासाठी ते आहेत. ताकद न आलेल्या पायावर ते वजन घेऊन शेताच्या बांधावर उतरणं मला पटत नाही.

मामेभावासाठी शेवटी मध्यम उंचीचा बूट ठरला. काठ प्लेटच्या टोकापासून चार बोटं वर, पुढून लेस आणि बाजूला चेन अशी दोन्ही उघडणी, वाटी फोममध्ये बसवलेली, तळवा बेताचा लवचीक. नडगीचं पूर्ण रक्षण त्यात नाही. पण त्याची नडगी धड आहे. रोजचं जाणं दहा किलोमीटरचं, आणि दिवसभर तंबाखूच्या शेतात चालायचं. त्याला चालता येणारा बूट हवा होता.

किमतीत बराच फरक आहे. आम्ही विचारलं तेव्हा छोटे शूज साधारण पाच हजारांपासून पुढे, चांगले उंच टूरिंग बूट दहा हजारांच्या वर, आणि इटालियन कंपन्यांचे त्याहून बरेच जास्त. अल्पाइनस्टार्स, टीसीएक्स, सिडी, गार्ने या सगळ्या इटलीतल्या एकाच परिसरातल्या. आपल्याकडे अथणी-निपाणीला चप्पल तशी तिकडे हा धंदा. पण नावापेक्षा आतला शिक्का बघा. ईएन १३६३४ हे बाईकच्या बुटाचं युरोपीय मानक. बुटाच्या आत मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा कापलं जाण्याला टिकण्याचा, आणि चौथा तळवा आडवा चेपण्याला किती विरोध करतो त्याचा. गाडी पायावर पडण्याची भीती असणाऱ्याने चौथा आकडा २ आहे का ते पाहावं. सोबत आयपीए असेल तर घोट्याच्या रक्षणाची, आयपीएस असेल तर नडगीच्या रक्षणाची चाचणी झालेली आहे, डब्ल्यूआर म्हणजे पाण्याची. शिक्का नसेल आणि विक्रेता "घोट्याला प्रोटेक्शन आहे" म्हणत असेल तर अंगठ्याने दाबून बघा. अंगठा आत रुतला तर तो नुसता फोम.

पाण्याबद्दल एक सूचना. कणकुंबी-चोर्लाच्या पावसात अस्तर बाहेरचं पाणी अडवतं, पण वरून शिरलेलं पाणीही तेच आत साठवून ठेवतं. रेनपँट बुटात खोचू नका, बुटावरून सोडा. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवला की चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो.

स्क्रूवर टोचणारा बूट लगेच परत करू नका, आधी चांगला कारागीर गाठा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूरही आहेत. ही कला आपल्या दारातच आहे. मामेभावाच्या ओळखीच्या म्हाताऱ्या कारागिराने बूट हातात घेतला नाही, आधी म्हणाला, "पाय दाखवा बघू." स्क्रूच्या जागी अंगठा टेकवला, बुटावर खडूने खूण केली, फरम्यावर (बूट ज्यावर चढवतात तो पायाच्या आकाराचा साचा) त्या जागी चामड्याचा छोटा तुकडा चिकटवला आणि बूट दोन दिवस त्यावर चढवून ठेवला. चामड्याला तेवढाच फुगवटा आला, सुपारीएवढा. कडक वाटीला मात्र आम्ही त्याला हात लावू दिला नाही, आणि सुई अजिबात मारू दिली नाही. अस्तराला एक भोक पडलं की पाणी आलंच. तळव्यात मऊ एमसीआरची (चपलेत वापरतात त्या मऊ सच्छिद्र रबराची) पट्टीही त्यानेच बसवून दिली. त्या पट्टीने टाच किती मिलिमीटर उचलायची ते मात्र डॉक्टरांना विचारून.

बूट घालून पाहायचा तो संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, आणि जो मोजा किंवा क्रेप बँडेज रोज वापरता तेच घालून. दुकानात चार पावलं चालून काही कळत नाही. जिना उतरा, उकिडवं बसता येत असेल तेवढं बसा. गाडी स्टँडवर लावून इंजिन बंद ठेवून वीसेक वेळा गिअर वर-खाली करा, ब्रेक हळू दाबून सोडा, मग गाडी स्टँडवरून काढून तिचं वजन दुखऱ्या पायावर घेऊन बघा. बेळगावात निवड कमी पडली तर कोल्हापूर किंवा हुबळीला एक खेप करा. ऑनलाइन मागवलात तर टॅग काढू नका. दोन संध्याकाळ घरातच सतरंजीवर घालून अर्धा-अर्धा तास फिरा, बूट काढा आणि पाय दिव्याखाली धरा. अर्ध्या तासात मावळणारी लाली चालेल. सकाळपर्यंत राहिली तर बूट परत पाठवा.