अशोकनगरमधील भाड्याची सदनिका : वर्षभराच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

नाशिकमध्ये ‘विद्यापीठाजवळ घर हवे आहे’ एवढेच सांगून भागत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. फोनवर हे शब्द ऐकून एका एजंटाने आम्हाला गंगापूर रस्त्याने थेट गोवर्धनपर्यंत नेले, कारण त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. दुसऱ्याने दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला बोलावले, कारण तिथे १९९८ सालचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. माझी मुलगी आणि भाची यांना प्रवेश मिळाला होता तो मात्र त्र्यंबक रस्त्यावर, महिरावणीच्या संदीप विद्यापीठात. पहिल्या दोन विद्यापीठांचा कारभार मुख्यतः अभ्यासकेंद्रांमार्फत किंवा संलग्न महाविद्यालयांमार्फत चालतो, त्यामुळे त्यांच्या फाटकाशी विद्यार्थ्यांच्या खोल्यांची बाजारपेठ अशी उभी राहिलेलीच नाही. तेव्हा एजंटाशी बोलताना विद्यापीठाच्या नावाआधी रस्त्याचे नाव सांगावे, म्हणजे निदान पेट्रोल तरी वाचते.

आम्ही मूळचे कळवणचे. मुलींनी वसतिगृहाऐवजी स्वतंत्र घर मागितले, ते मुख्यतः स्वतः स्वयंपाक करता यावा म्हणून, आणि ती मागणी मला रास्त वाटली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवसांत अकरा घरे पाहिली आणि सातपूरच्या अशोकनगरमध्ये तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरील वन बीएचके सदनिका घेतली. भाडे ९,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स घरमालकाकडे. इमारतीचे आणि घरमालकांचे नाव येथे देत नाही. जे चांगले आहे ते त्या भागातील बहुतेक घरांना लागू पडते, आणि जे वाईट आहे ते सांगण्यासाठी नावाची गरज नाही.

आधी हेच घर का, ते सांगतो. आमच्यासमोर तीन पर्याय होते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड हा विद्यार्थ्यांचा जुना, भरलेला भाग. क्लास, अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची दुकाने सगळे हाताशी. परंतु तिथे आम्ही पाहिलेली घरे बहुतेक कॉट बेसिसवर होती, एका खोलीत तीन किंवा चार कॉट, आणि स्वयंपाकाला मनाई. शिवाय महिरावणीला जायचे तर रोज सगळे सातपूर ओलांडणे आले. दुसरा पर्याय अगदी विद्यापीठाशेजारचा. तिथली एक नवी इमारत मुलींना मनापासून आवडली होती, आणि मलाही ती वाईट वाटली नाही. टाइल्स चकचकीत, खिडकीतून डोंगर दिसतो, वर्गापर्यंत पायी जाता येते आणि भाडे अशोकनगरपेक्षा हजार रुपयांनी कमी. मात्र ती पाहण्यासाठी मी मुद्दाम रात्री साडेआठ वाजता पुन्हा गेलो. इमारतीतील चार सदनिकांतच दिवे होते, आतल्या रस्त्यावर एकही खांब पेटलेला नव्हता, आणि औषधाचे दुकान विचारले तेव्हा राखणदाराने सातपूरकडे बोट दाखवले. न्हाणीघरातल्या बादलीच्या आतून पांढरा थर धरलेला होता. ते बोअरचे पाणी होते, आणि उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर येतो, हेही त्यानेच प्रांजळपणे सांगितले. टँकरचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, याचे उत्तर एजंटापाशी नव्हते.

म्हणूनच अंतराबद्दलचे माझे मत बदलले. विद्यापीठ दिवसाचे सहा तास असते, उरलेले अठरा तास माणूस घराच्या आसपास काढतो. अशोकनगर ही प्रामुख्याने सातपूर औद्योगिक वसाहतीतील कामगारांची वस्ती असल्यामुळे तिथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. शिफ्टवरून परतणारे लोक, उघडी किराणा दुकाने, भाजीबाजार, पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या महिला. कामगार वस्तीत मुली कशा राहतील, असे आमच्या एका नातेवाइकाने नाक मुरडून विचारले होते. वर्षभरात एकदाही मुलींना रात्री रस्त्यावर एकटे वाटले नाही, ते याच वस्तीमुळे, हे मी त्यांना आवर्जून कळवले आहे.

प्रवासाचा हिशेब असा आहे. जुलै २०२१ मध्ये महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली आणि तिच्या गाड्या त्र्यंबकेश्वरपर्यंत जातात. एसटीच्या गाड्याही त्याच रस्त्याने धावतात. मुली त्र्यंबक रस्त्यावर येऊन बस पकडतात. सकाळी गर्दीचा ओघ औद्योगिक वसाहतीकडे असतो, तेव्हा सातपूरपर्यंत गाडी भरलेली आणि पुढे रिकामी, हा त्यांच्या फायद्याचा भाग. शिफ्ट सुटण्याच्या वेळी मात्र चौकात अर्धा तास सहज जातो. त्याशिवाय हा तीर्थाचा रस्ता आहे, ही गोष्ट बाहेरगावच्या पालकांच्या लक्षात येत नाही. श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लोटणाऱ्या तिसऱ्या सोमवारी, आणि पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवसांत, जेव्हा दिंड्याच्या दिंड्या याच रस्त्याने त्र्यंबककडे चालत असतात, नेहमीच्या वेळापत्रकावर विसंबता येत नाही. २०२७ मध्ये तर सिंहस्थ आहे. त्या काळात या रस्त्यालगत घर घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात : वर्गाला जायचे कसे, आणि पर्वणीच्या दिवसांत घरमालकाचे नातेवाईक मुक्कामाला येणार आहेत का. दुसरा प्रश्न मी चेष्टेने लिहिलेला नाही. आम्ही पाहिलेल्या एका रो-हाऊसच्या मालकांनी तशी अट स्वतःहून सांगितली होती.

आता घराविषयी. उजेड आणि वारा यांत या सदनिकेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. दुपारी चारपर्यंत दिवा लावावा लागत नाही. स्वयंपाकघराचा ओटा पुरेसा लांब आहे, कपडे वाळवायला ड्राय बाल्कनी आहे, आणि खालच्या मजल्यावरील काकूंनी पहिल्या आठवड्यातच मुलींना गॅसवाल्यापासून दळणाच्या गिरणीपर्यंत सर्वांची ओळख करून दिली. महापालिकेचे, म्हणजे गंगापूर धरणाचे पाणी सकाळी येते आणि गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे आमच्या मजल्यावर नळाची धार बारीक पडते, हे घर पाहताना लक्षात आले नाही, कारण आम्ही फक्त एकच नळ सोडून पाहिला. न्हाणीघर, ओटा आणि बेसिन यांचे नळ एकाच वेळी सोडून पाहायला हवे होते. सोलरचे पाणी वरच्या मजल्याला लवकर मिळते, एवढीच भरपाई.

मोठा दोष ओलीचा निघाला. भाड्याच्या घरांचा शोध बहुधा मे-जूनमध्ये चालतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत भिंती कोरड्या आणि नव्याने रंगवलेल्या असतात. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून, घाटाच्या बाजूने येतो, आणि आमच्या झोपण्याच्या खोलीची एक पूर्ण भिंत पश्चिमेला उघडी आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर नकाशे उमटू लागले, ऑगस्टमध्ये रंगाचे पोपडे पडले आणि कपाटातल्या चादरींना कुबट वास येऊ लागला. घरमालकांना कळवले तेव्हा ‘काका, पावसाळा संपला की बघू’ असे उत्तर आले, आणि पावसाळा संपल्यावर अर्थातच बघण्यासारखे काही उरले नव्हते. रंगाचा ताजा वास येत असेल तर कोणती भिंत पश्चिमेला आहे ते पाहावे आणि मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारावे. काकूंना विचारले असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते. तसे त्यांनी नंतर बोलूनही दाखवले.

दुसरी तक्रार विजेची. सदनिकेला महावितरणचे स्वतंत्र मीटर नव्हते. मालकाच्या दोन सदनिकांना मिळून एक मीटर आणि आमच्यासाठी सबमीटर, दर सरसकट १२ रुपये प्रति युनिट. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि पहिल्या १०० युनिटांचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो. मुलींचा वापर महिन्याला साठ-सत्तर युनिटांच्या पुढे कधी गेला नाही, म्हणजे स्वतंत्र मीटर असते तर त्या कायम स्वस्त टप्प्यातच राहिल्या असत्या. रक्कम फार मोठी नाही. परंतु भाड्यात शंभर-दोनशेची घासाघीस करणारे आम्ही, या ओळीवरून नजर फिरवून पुढे गेलो.

भाडेकराराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त मनस्ताप त्याचाच झाला. एजंटाने नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा करार पुढे केला : १ जुलै ते ३१ मे. मुलींची सत्राची परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालणार होती, हे सही करताना कोणाच्याच ध्यानात आले नाही. मेच्या मध्यावर घरमालकांनी नूतनीकरण आणि वाढीव भाड्याचा विषय काढला, तेव्हा ऐन परीक्षेत घर बदलण्याची ताकद आमच्यात नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. अकरा महिन्यांचा हा प्रघात पडला तो एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी बंधनकारक असल्यामुळे, म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी. महाराष्ट्रात त्याला आता अर्थ उरलेला नाही, कारण भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते.

खर्चही घाबरण्यासारखा नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या, करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. आमच्या बाबतीत वर्षाचे भाडे १,०८,००० आणि अनामतीवरचे व्याज ३,००० धरले, तर १,११,००० रुपयांवर शुल्क होते तीनशे रुपयांच्या आतबाहेर. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा पुरतो. एवढ्यासाठी एजंटाने आमच्याकडून पहिल्या वेळी जे पैसे घेतले, त्यांचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही.

भाडेकरूंची माहिती पोलिस ठाण्यात देण्याचे काम मालकांनी वेळेवर केले, सोसायटीनेही मुलींना येण्याजाण्याच्या वेळांवरून कधी टोकले नाही. या दोन्ही गोष्टी मी त्यांच्या जमेला धरतो.

एवढे सगळे होऊनही आम्ही घर सोडले नाही. मुलींनी भाडेवाढीचा आकडा ऐकून पुन्हा महिरावणीची ती डोंगर दिसणारी सदनिका आठवली, तेव्हा मी त्यांना मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, एकदा तिथे जाऊन यायला सांगितले. त्या गेल्या, पाणी पाहिले, अंधार पडेपर्यंत थांबल्या आणि परत आल्या. नवा करार १ जूनपासून चोवीस महिन्यांचा, ९,५०० रुपये भाड्याचा झाला. सबमीटरचा दर काढून महावितरणच्या बिलाची वापराच्या प्रमाणात वाटणी लिहून घेतली, आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापण्याचे कलम पश्चिमेच्या भिंतीपुरते वगळायला लावले. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून देण्याचे मालकांनी तोंडी कबूल केले होते. ते करारात लिहायला मात्र त्यांनी नकार दिला. कपाट आम्ही पूर्वेच्या भिंतीला हलवले आहे.