मालधक्क्यावर खताचा रेक : नऊ वर्षांच्या अनुभवावरून रेल्वे मालवाहतुकीबद्दल

तासगावात आमचा खताचा घाऊक धंदा आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. गेली नऊ वर्षं मालधक्क्यावरचं, म्हणजे रेल्वेचा माल उतरवायच्या फलाटावरचं काम मी बघते. कंपनी रेक, म्हणजे अख्खी मालगाडी भरून पाठवते, तो धक्क्याला लागला की उतरवून घ्यायची जबाबदारी आमची. रात्र असो, पाऊस असो, धक्क्यावर मी हजर असते. नव्याने या धंद्यात आलेले बरेच जण विचारतात, "वहिनी, रेल्वेनं माल परवडतो का?" माझं उत्तर हो असंच आहे. फक्त रेल्वेचं घड्याळ नीट समजून घेतल्याशिवाय रेकच्या भानगडीत पडू नका.

आधी आवाका बघा. बंदिस्त डब्यांचा आमचा नेहमीचा रेक 42 डब्यांचा. एका डब्यात साधारण 63 टन, म्हणजे 50 किलोची 1,260 पोती. सगळी मिळून 52 हजारांच्या वर. दहाचाकी ट्रकात सतरा टन धरले तरी दीडशेहून जास्त खेपा होतात. एवढा माल कांडल्यासारख्या लांबच्या बंदरातून एका इंजिनामागे, वाटेत कुठं न उतरता येतो. लांब पल्ल्याला ट्रकचं भाडं याहून फार महाग पडतं. शे-दोनशे टनवाल्याचं मात्र हे काम नाही. त्यानं आमच्यासारख्याकडूनच माल उचलावा.

"रेक आला" आणि "रेक लागला" हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सगळा पैसा त्यांच्या मधल्या जागेत आहे. गाडी आधी यार्डातल्या मोकळ्या लाइनीवर येऊन थांबते. रेकची लांबी सहाशे मीटरच्या वर, धक्क्याची लाइन बहुतेक ठिकाणी तेवढी नसते. मग रेक मधून तोडून दोन भागांत आत ढकलतात. हे शंटिंग मी पहिल्यांदा जवळून पाहिलं त्या दिवसापासून डबे जोडणाऱ्या-सोडणाऱ्या पॉइंट्समन लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. दोन डब्यांच्या मधे वाकून तो आधी दोन्ही बाजूंचे हवेचे कॉक बंद करतो, मग ब्रेकचा पाइप सोडतो. फस्सकन हवा सुटते. मग डबे जोडणाऱ्या कपलिंगचा दांडा उचलतो, बाहेर येऊन बत्ती दाखवतो आणि तेव्हाच इंजिन हलतं. क्रम एकदा चुकला तर हात जाईल.

डबे जागेवर आले की हँडब्रेक आवळतात, चाकाखाली लाकडी गुटके घालतात, साखळी बांधून कुलूप लावतात. पहिल्यांदा मला वाटलं, एवढा लोखंडाचा डोंगर कुठं पळून जाणार? पण ही चाकं रोलर बेअरिंगवर फिरतात, डोळ्यांना न दिसणारा उतारसुद्धा त्यांना पुरतो. म्हणून तर यार्डातली लाइन 400 मीटरला एक मीटरपेक्षा जास्त उतरती नसावी असा नियम आहे.

डबे लागल्याची वेळ रजिस्टरात पडली की आपलं घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत डबे रिकामे झाले नाहीत तर डेमरेज, म्हणजे डबे अडवल्याचा दंड, तेही दर डब्याला दर तासाला, आणि तासाच्या वर पाच मिनिटं गेली तरी पूर्ण तास धरतात. डब्यातून उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर जागा अडवल्याचा आकार, म्हणजे वारफेज, वेगळं. ती वेळ स्वतः जाऊन रजिस्टरात बघा, फोनवर विसंबू नका.

आमचा सगळ्यात महागात पडलेला रेक यातलाच. जून महिना, ऊसकऱ्यांची 10:26:26 या मिश्रखतासाठी रीघ, आणि रेक लागला रात्री पावणेबाराला. एका वाहतूकदारानं तीस गाड्यांचा शब्द दिला होता. आल्या बारा. आमचे माथाडी गडी तयार उभे होते. मुकादम मला म्हणाला, "ताई, पोती काढतो हो, पण ठिवू कुठं?" धक्का भरून गेला, वरून पावसाची सर आली, ताडपत्र्या ओढता ओढता पहाट झाली. डेमरेजही भरलं, वारफेजही भरलं. यात रेल्वेचा काडीचा दोष नव्हता. त्या दिवसापासून गाड्या तीन वेगवेगळ्या वाहतूकदारांकडून घेते, आणि रेक कुठवर आलाय ते दिवसातून चारदा बघते. रेल्वेच्या संगणकावर रेकचा ठावठिकाणा कळतो, ही सोय खरोखर सोन्यासारखी आहे. रेल्वेची पावती, म्हणजे आरआर, पूर्वी कुरिअरनं यायची. ती रेकच्या मागून आली की इन्डेम्निटी बॉण्डसाठी, म्हणजे पावतीशिवाय माल सोडवायच्या हमीपत्रासाठी, धावाधाव ठरलेली. आता ती ऑनलाइन मिळते.

दार उघडण्याआधी सील बघा आणि डब्याचा नंबर आरआरशी ताडून घ्या. नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, बंदिस्त डब्यांचे तीसच्या घरातले. तिसरा-चौथा कोणत्या रेल्वेचा डबा ते, पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष. जुना डबा दिसला की मी आधी छताखालच्या पोत्यांना हात लावून बघते. युरियाला ओल लागली की पोतं दगडासारखं घट्ट होतं, ते शेतकऱ्याच्या माथी मारायचं पाप मी करणार नाही. ओलं दिसलं तर तिथंच गुड्स क्लार्कला बोलवा आणि ओपन डिलिव्हरी, म्हणजे रेल्वेच्या माणसासमोर माल तपासून नुकसानीची नोंद करून ताबा, मागा. माल गोदामात नेल्यावर कोण ऐकणार?

सासऱ्यांच्या वेळी हे सगळंच निराळं होतं. तेव्हा एकेक सुटा डबा बुक व्हायचा. भुसावळ, मुघलसराय अशा मोठ्या यार्डांत आलेल्या गाड्या फोडायच्या, डबे एका बुटक्या टेकाडावर ढकलायचे, आणि तिथून एकेक सोडून ज्याच्या त्याच्या दिशेच्या लाइनीवर घरंगळत न्यायचे. मग पुन्हा नवी गाडी जुळवायची. दोन-तीन यार्डांत असं झालं की डबा कधी येणार ते कुणालाच सांगता यायचं नाही. मामंजी म्हणायचे, पेरणी उरकायची आणि मग खत यायचं. आता अख्खा रेक एका ठिकाणी भरतो आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामा होतो, मधली फोडाफोड गेली.

हीच व्यवस्था मनावर घेतलं तर काय करते ते आपल्या जिल्ह्यानं 2016 च्या एप्रिलमध्ये पाहिलंय. कोट्याहून वाफेनं धुतलेले टँकरचे डबे मिरजेत आले, कृष्णेचं पाणी भरलं आणि दुष्काळात तहानलेल्या लातूरला गेलं. पहिल्या गाडीला दहा डबे, एकेकात पन्नास हजार लिटरच्या आसपास. पुढे पन्नास डबे जोडून गाड्या गेल्या. ती गाडी आठवली की आजही ऊर भरून येतो.

आता तक्रार. मी ज्या धक्क्यावर जाते तिथं शेवटच्या दहा-बारा डब्यांपाशी उजेडच नाही. गडी पाठीवर पोतं घेऊन अंधारात फळीवरून उतरतात, पाय घसरला तर कमरेचं हाड जायचं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. पोती शिवायला आणि सांडलेलं खत झाडायला चौदा-पंधरा बायका येतात, रात्रभर राबतात, त्यांनी जायचं कुठं? ज्या रेल्वेला डब्याचा मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवता येतो, तिला चार दिवे आणि एक खोली जमायला हवी. गेल्या वर्षी दोन अर्ज दिले, पोच माझ्याकडे आहे. तिसरा लिहून ठेवलाय, त्यावर सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतलेत. पुढचा रेक लागेल त्या दिवशी तो देणार आहे.