बाबांचा न्यूमोनिया: हॉस्पिटल की घर?

आई म्हणाली घरीच करू, दादा म्हणाला डोकं फिरलंय का, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. हॉस्पिटलात रात्री दोनला ऑक्सिजन ८५ पर्यंत घसरला तरी कुणीतरी धावत येतं, पण म्हातारा माणूस तिथे नुसता पडून राहतो, झोप नाही, मग बरळायला लागतो, वर तिथलं इन्फेक्शन चिकटायची भीती. बोस्टनच्या ९१ पेशंटच्या ट्रायलमध्ये (२०२० ला छापून आली) घरीच हॉस्पिटलसारखे उपचार घेतलेल्यांपैकी ७ टक्केच महिनाभरात परत ॲडमिट झाले, हॉस्पिटलवाले २३ टक्के. पण थांबा, तिथे डॉक्टर रोज घरी, नर्स दिवसातून दोनदा, अंगावर मॉनिटर, शिवाय पेशंट निवडून घेतलेले. आपल्याकडे कोपऱ्यावरचा कंपाउंडर येऊन सलाईन लावून जातो, त्याला 'घरचं हॉस्पिटल' म्हणू नका हां. आमचं घर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, लाईट गेली की ऑक्सिजन देणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) बंद, आणि संध्याकाळी कर्वे रोडला १०८ अडकली तर? शेवटी तीन दिवस ॲडमिट, ताप उतरल्यावर उरलेली इंजेक्शनं घरी. आल्या आल्या बाबांनी हाताला सुई तशीच ठेवून चहा मागितला.