न्यू जर्सीत बास मासा गरवायचा तर पहिला रॉड कुठला घ्यावा, स्पिनिंग की बेटकास्टर?

एडिसन, आयझेलिन, प्लेन्सबरो या बाजूला राहणाऱ्या आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदाच गरवायला जायचं ठरवलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. दुकानात गेलं की अख्खी भिंत रॉडनी भरलेली असते, आणि यूट्यूबवर बघावं तर सगळे प्रो लोक चकचकीत बोटीवर उभे राहून बेटकास्टर फेकत असतात, त्यामुळे साहजिकच वाटतं की बास फिशिंगचा खरा रॉड म्हणजे तोच आणि स्पिनिंग म्हणजे लहान मुलांचं काम. तसं अजिबात नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकतो: बोट नाही, काठावरून गरवणार, आणि सध्या एकच रॉड घ्यायचाय, तर न्यू जर्सीत स्पिनिंगच घ्या. पण बेटकास्टर जिथे खरंच सरस आहे अशी पाणी पण आपल्याकडे आहेत, आणि तुमचं घर त्याच पाण्याजवळ असेल तर हे उत्तर बदलू शकतं, म्हणून नीट तुलना करूया.

स्पिनिंग आणि बेटकास्टर हे रीलचे, म्हणजे रॉडवरच्या दोरा गुंडाळायच्या यंत्राचे, दोन प्रकार. सगळा फरक स्पूलमध्ये, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या चाकात आहे. स्पिनिंग रीलचं स्पूल कास्ट करताना, म्हणजे आमिष फेकताना, जागचं हलत नाही, दोरा त्याच्या कडेवरून वेटोळी सुटत सुटत बाहेर जातो, त्यामुळे टोकाला अगदी तीन ग्रॅमचं आमिष असलं तरी ते आरामात दोरा ओढून नेतं. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः गरागरा फिरतं आणि ते फिरवायची ताकद आमिषाच्या वजनातूनच यावी लागते. आता होतं काय की हलकं आमिष हवेत गेलं, समोरून वारा आला, आमिषाचा वेग कमी झाला पण स्पूल मात्र त्याच जोरात फिरतंय, मग सुटलेल्या दोऱ्याला बाहेर जायला जागाच नाही, तो स्पूलवरच उसळतो आणि त्याचा भलामोठा गुंता होतो, यालाच बॅकलॅश म्हणतात. ते टाळायला ब्रेक असतात, बाजूला टेन्शनची चकती असते, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे तुमचा अंगठा, जो कास्टभर स्पूलवर हलकेच टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी दाबायचा. हे जमतं, पण सवय होईपर्यंत सुट्टीच्या सकाळी गुंते सोडवण्यात जातात, आणि ज्याला शनिवारचे दोन-तीनच तास मिळतात त्याने याचा विचार करावा.

साधारण हिशोब असा धरा की ७ ग्रॅम म्हणजे पाव औंसाच्या खाली स्पिनिंग, १० ग्रॅमच्या वर बेटकास्टर, मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतात. महागडे फिनेस (हलक्या आमिषांसाठीचे) बेटकास्टर याच्या खाली पण फेकतात, पण पहिला रॉड घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता प्रश्न असा की न्यू जर्सीत आपण टाकणार काय? इथे लोकसंख्या भरपूर, प्रत्येक तळ्यावर रोज कोणीतरी उभं असतंच, त्यामुळे माशांनी सगळी आमिषं पाहिलेली असतात. अशा पाण्यात जे चालतं ते बहुतेक छोटं आणि हलकं. नेड रिग घ्या, म्हणजे पावणेतीन इंची रबरी तुकडा आणि छत्रीसारख्या डोक्याचं तीन-चार ग्रॅमचं जिग (वजन जोडलेला गळ), तळाला टेकवून सावकाश ओढत आणायचं. किंवा वॅकी रिग: पाच इंची सेंको (मऊ रबरी किडा), गळ बरोबर मध्यावर आडवा टोचायचा, वजन काहीच लावायचं नाही. हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमिष पाण्यात पडलं की काहीही करायचं नाही, दोरा थोडा सैल ठेवायचा आणि फक्त दोऱ्याकडे बघायचं. सेंको दोन्ही टोकं थरथरवत आडवं खाली जातं, आणि बास बहुतेक वेळा ते खाली जातानाच घेतो, हाताला झटका वगैरे काही येत नाही, पाण्यावरचा दोरा इंचभर टिचकी मारल्यासारखा हलतो किंवा उगाचच बाजूला सरकायला लागतो, बस एवढंच. तेव्हा सैल दोरा गुंडाळायचा आणि रॉड नुसता वाकवून दाब द्यायचा, कारण गळ पातळ आणि उघडा असतो, जोरात हिसका मारायची गरजच नसते.

पाच इंची सेंकोचं स्वतःचं वजन साधारण ९-१० ग्रॅम भरतं म्हणजे बेटकास्टरवरही ते फेकता येतं, पण वॅकीमध्ये ते सरळ खाली पडायला हवं आणि त्यासाठी दोरा सहज सुटत राहायला हवा, ते स्पिनिंगवर आपोआप होतं, बेटकास्टरवर हाताने दोरा काढून द्यावा लागतो.

उलट बाजू पण तेवढीच खरी आहे. टेक्सास रिगमध्ये गळाचं टोक रबरात लपवलेलं असतं म्हणून गवतात अडकत नाही, पण हूकसेटला, म्हणजे हिसका मारून गळ रुतवताना, ते टोक आधी रबर फाडून बाहेर यायला हवं आणि मग माशाच्या जबड्यात घुसायला हवं, त्यासाठी जाड गळ, ताठ रॉड, जाड दोरा लागतो. स्पिनिंगवर १७-२० पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) फ्लुरोकार्बन, हा पारदर्शक ताठ दोरा, नीट बसतच नाही, स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. आणि फ्रॉग, म्हणजे लिली पॅडवरून सरकवायचा पोकळ रबरी बेडूक, त्याला तर ५० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) आणि हेवी रॉडच हवा, कारण बास लागला की तो पानांच्या देठांत डोकं खुपसतो आणि मग मासा आणि त्याच्यासोबत किलोभर पाला असं सगळं ओढून आणायचं असतं. बेटकास्टरला हे झेपतं कारण दोरा सरळ स्पूलवर येतो, स्पिनिंगमध्ये तो रोलरवर काटकोनात वळतो आणि तिथेच जोर कमी पडतो. अर्धा औंस स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष), जिग, मोठे क्रँकबेट (बुडी मारणारी कडक आमिषं), सगळी याच घराण्यातली. नेमकेपणा पण बेटकास्टरचा जास्त, अंगठ्याने आमिष हवं तिथे थांबवता येतं.

मग तुमचं पाणी कुठलं ते बघा.

डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल हा बहुतेकांना सगळ्यात सोयीचा. १८३४ मध्ये पूर्ण झालेला जुना मालवाहतुकीचा कालवा, आता स्टेट पार्क, काठाने चालायची वाट, गाडी लावली की दहा पावलांवर पाणी. ग्रिग्सटाउनच्या आसपास बघाल तर डोक्यावर झाडांच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या असतात की वरून कास्ट करताच येत नाही, कमरेखालून हलकासा झुलवून फेकावं लागतं, आणि पलीकडचा काठ जवळच असल्याने फेकायचं पण थोडंच असतं. मासे मोठे नसतात पण बऱ्यापैकी मिळतात, पडलेल्या झाडाच्या सावलीत वॅकी टाका. इथे स्पिनिंग, प्रश्नच नाही.

राउंड व्हॅली जलाशय पण स्पिनिंगचंच. खोली जवळपास १८० फूट आणि पाणी इतकं स्वच्छ की जाड दोरा माशाला लांबूनच दिसतो. राज्याचा स्मॉलमाउथचा (बासचा एक प्रकार, दुसरा लार्जमाउथ) रेकॉर्ड इथलाच आहे, १९९० सालचा ७ पौंड २ औंसाचा, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. फक्त काठावरून नवख्याला हे पाणी अवघड जातं, मासे खोल असतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी इथे जाऊन निराश होऊ नका.

डेलावेअर नदीत, लॅम्बर्टविल किंवा फ्रेंचटाउनजवळ, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गुडघाभर पाण्यात उभं राहून स्मॉलमाउथ गरवणं म्हणजे माझ्या मते या राज्यातलं सगळ्यात सुंदर फिशिंग आहे. छोटा ट्यूब (पोकळ रबरी आमिष), नेड, छोटा इनलाइन स्पिनर, सगळं हलकं. मासा लार्जमाउथपेक्षा आकाराने कमी पण प्रवाहाचा फायदा घेऊन असा भांडतो की ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारी व्यवस्था) चांगला असलेलं स्पिनिंग रील हातात असल्याचं समाधान वाटतं. दगडं निसरडी असतात, एकट्याने फार आत जाऊ नका.

आता दुसरी बाजू. फॅरिंग्टन लेकच्या उथळ भागात उन्हाळ्यात वीड, म्हणजे पाण्यातलं गवत, माजतं, मानास्क्वान रिझर्व्हॉयरमध्ये पाण्याखाली जुनी झाडं उभी आहेत, अशा ठिकाणी आठ पौंडी लीडर (मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडलेला बारीक दोरा) घेऊन गेलात तर मासे लागतील पण हाताशी येणार नाहीत, आणि तुटलेला गळ तोंडात घेऊन मासा फिरत राहील ते वेगळंच. लेक हॉपॅटकाँग हे राज्यातलं सगळ्यात मोठं तळं, साधारण अडीच हजार एकर, तिथे वीड आहे आणि मैलोन्मैल डॉक्स पण आहेत. डॉकखाली आमिष टप्पे खात आत सरकवायला स्पिनिंग सोपं पडतं, वीडच्या कडेने स्पिनरबेट ओढायला बेटकास्टर, म्हणजे तिथे बोट असलेला माणूस दोन्ही ठेवतो. तुमच्या घराजवळचं तळं लिली पॅडनी भरलेलं असेल आणि तुम्ही तिथेच जाणार असाल तर सरळ बेटकास्टरने सुरुवात करा, मी अडवणार नाही.

पैशाचं गणित पण स्पिनिंगच्या बाजूने आहे. ५०-६० डॉलरच्या आसपास मिळणारा अग्ली स्टिकचा स्पिनिंग कॉम्बो वर्षानुवर्षं चालतो, थोडे वाढवून फ्लुगर प्रेसिडेंटसारखं रील घेतलं तर फारच छान. त्याच पैशात मिळणाऱ्या बेटकास्टरचे ब्रेक इतके जेमतेम असतात की शिकणाऱ्याचा दोष नसताना गुंते होतात. शिमानो एसएलएक्स, डायवा टॅट्युला या वर्गापासून पुढे मजा यायला लागते, आणि ते म्हणजे नुसत्या रीलला शंभर डॉलर किंवा जास्त, रॉड वेगळा.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं नाही, ते घेतानाच डावं की उजवं ठरवावं लागतं. उजव्या हाताने कास्ट करून डाव्याने गुंडाळायची सवय स्पिनिंगवर लागली असेल तर बेटकास्टर पण डाव्या हँडलचाच मागा, नाहीतर प्रत्येक कास्टनंतर रॉड या हातातून त्या हातात करत बसाल.

पहिला सेट माझ्या मते असा: सात फुटी मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन रॉड, २५०० साइझचं रील, त्यावर १० पौंडी ब्रेड, पुढे वावभर ८ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, डबल युनी गाठीने जोडलेला. कास्ट झाल्यावर बेल (रीलवरची तारेची कडी) हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही, आणि मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहू नका, या दोन गोष्टी पाळल्या तर दोऱ्याला पीळ पडत नाही. बेटकास्टर घेतलाच तर सात फुटी मीडियम हेवी, ब्रेड न भरता १२-१५ पौंडी साधा मोनो (एकपदरी नायलॉनचा दोरा) भरा म्हणजे गुंता झाला तर कापून टाकताना जिवावर येत नाही. अर्धा औंस वजन बांधा, टेन्शनची चकती अशी लावा की वजन सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबेल, ब्रेक पूर्ण चढवा, आणि आधी मोकळ्या मैदानात सराव करा.

रॉड कुठलाही असो, वयाची १६ ते ६९ वर्षं असतील तर गोड्या पाण्यात फिशिंग लायसन्स लागतं. १५ एप्रिल ते १५ जून बास पकडला की लगेच सोडायचा, कारण तेव्हा नर घरट्यावर पिल्लं राखत बसलेला असतो आणि तो उचलला की बाकीचे छोटे मासे काही मिनिटांत अंडी साफ करतात. एरवी सर्वसाधारण नियम बारा इंच आणि दिवसाला पाच असा आहे, डेलावेअर नदीचे आणि काही खास पाण्यांचे नियम वेगळे दिलेले असतात, ते बघूनच जा. घरी नेऊन खायचा विचार असेल तर राज्याने पाऱ्यामुळे कुठल्या पाण्यातला मासा किती खावा याचा सल्ला दिलेला असतो, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो जास्त कडक आहे, तो वाचल्याशिवाय कालवण करू नका. मी स्वतः सगळे सोडतो.

आणि दक्षिणेकडे डेलावेअरच्या उपनद्यांमध्ये फ्रॉग टाकताना लांबट, सापासारख्या डोक्याचा मासा लागला तर तो नॉर्दर्न स्नेकहेड, आपल्या मरळीचाच भाऊबंद, चीनकडून आलेला. तो मात्र परत पाण्यात सोडायचा नाही, मारून फिश अँड वाइल्डलाइफवाल्यांना कळवायचं असं राज्याचं म्हणणं आहे. त्याचा जबडा टणक असतो आणि तो पण गवतातच राहतो, तेव्हा त्याच्याच मागे जायचं असेल तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि हेवी बेटकास्टर, ५० पौंडी ब्रेड घेऊनच जा.