‘तक्रार आढळली नाही’ : एका कार कंपनीच्या दोष-हाताळणीचा ठाण्यातील अनुभव

मार्च २०२२ मध्ये आम्ही ठाण्यात एका मोठ्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक घेतली. सगळे मिळून ९ लाख ४० हजार रुपये पडले. गाडीचे ॲव्हरेज, एसी, मागच्या सीटवरची जागा यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्याबाबत माझी काही तक्रारही नाही. गाडीत सुरक्षिततेचा दोष निघाला, प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेले, आणि त्या सव्वा वर्षात कंपनी आमच्याशी कशी वागली, एवढ्याच गोष्टीचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण वाचणाऱ्याने आपली गाडी कोणत्याही कंपनीची असो, हा अनुभव तिच्याशी ताडून पाहावा असे मला वाटते.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी वसईहून परतताना गायमुखच्या उतारावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले. समोर स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता, उजवीकडे कंटेनर होता आणि पावसाने रस्त्याची चाळण झालेली होती. दोन्ही हातांनी जोर लावूनही गाडी पूर्ण वळली नाही आणि डावे पुढचे चाक कठड्याला घासत गेले. बंपर तुटला. मागे बसलेल्या आईचा हात पुढच्या सीटवर आपटून मनगट सुजले. हाड मोडले नव्हते, तरी दोन आठवडे पट्टा बांधावा लागला. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले तेव्हा दिवा गेला होता आणि स्टिअरिंग नेहमीसारखे हलके झाले होते. पुढचा सगळा गुंता या दिवा विझण्यातूनच निर्माण झाला.

हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. चालक स्टिअरिंगच्या चाकाला किती पीळ देतो हे एक सेन्सर मोजतो आणि त्यानुसार मोटर जोर लावते. सेन्सर किंवा त्याची जोडणी बिघडली की यंत्रणा मोटर बंद करते आणि सगळा भार चालकाच्या हातांवर येतो. मात्र त्या क्षणी गाडीच्या संगणकात एक कोड नोंदला जातो आणि दिवा विझला तरी तो जुनी नोंद म्हणून शिल्लक राहू शकतो.

सोमवारी वागळे इस्टेटमधल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या वयस्क मेकॅनिकने स्कॅनर लावला, पडद्यावर स्टिअरिंगच्या सेन्सरचा कोड आला. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या, मग मी क्लिअर करतो.” त्या वेळी मला त्या वाक्याचे मोल कळले नाही. संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलेले होते, ‘चाचणी फेरी घेतली, ग्राहकाने सांगितलेली तक्रार आढळली नाही.’ कोडचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण आणि सौजन्याने वागणारा मुलगा होता. कोडचे विचारल्यावर तो म्हणाला, “सर, तो जुना कोड होता. आता गाडीत दोष दिसत नाही, म्हणून सिस्टिममध्ये आम्हाला हाच पर्याय निवडावा लागतो.”

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला निवडायला दिलेले पर्याय कोणीतरी वरच्या पातळीवर ठरवलेले असतात, आणि कंपनी दोषाविषयी काय विचार करते हे त्या पर्यायांवरून जितके कळते तितके जाहिरातींवरून कळत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण २०१४ मध्ये बाहेर आले, तेव्हा तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने कंपनीचे २००८ चे एक अंतर्गत सादरीकरण उघड केले होते. अहवाल लिहिताना टाळायच्या ६९ शब्दांची यादी त्यात होती आणि ‘दोष’ हा शब्दही तीत होता. त्याऐवजी ‘रचनेप्रमाणे काम करत नाही’ असे लिहावे, अशी सूचना होती. चालत्या गाडीत किल्लीचा स्विच आपोआप सरकून इंजिन, स्टिअरिंगची मदत आणि एअरबॅग एकदमच निकामी होत होत्या. कंपनीने नेमलेल्या नुकसानभरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. शब्द बदलल्याने स्विच बदलला नाही. फक्त बिघाडाची माहिती एका विभागातून दुसऱ्या विभागात पोचायला वर्षे लागली. आमच्या जॉबकार्डवरची ओळ हीही त्याच जातीची आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो, कारण ज्या बिघाडाची नोंदच झाली नाही तो कंपनीच्या लेखी घडलेलाच नसतो.

त्यानंतर दोन महिन्यांत मी कंपनीच्या ग्राहक कक्षाला चार ईमेल पाठवले. तिन्ही उत्तरांत एकच वाक्य होते, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ चौथ्याला उत्तर आले नाही. आईच्या मनगटाला गैरसोय म्हणणे मला आजही खटकते. समाजमाध्यमावर मी कोडचा फोटो टाकला, तेव्हा मात्र चाळीस मिनिटांत ‘कृपया आपला क्रमांक खाजगी संदेशात कळवा’ असे उत्तर आले आणि दुसऱ्या दिवशी विभागीय कार्यालयातून फोनही आला. जे काम ईमेलने दोन महिन्यांत झाले नाही ते चारचौघांसमोर बोलल्यावर एका दिवसात झाले, आणि यातून ग्राहक काय शिकतो याचा विचार कंपनीने केलेला दिसत नाही. फोनवर गाडी पुन्हा तपासण्याचे आश्वासन मिळाले. तपासणीनंतरच्या जॉबकार्डवर तीच ओळ होती.

ऑक्टोबरमध्ये वकिलामार्फत नोटीस दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. येथे काही गोष्टी इतरांच्या उपयोगासाठी सविस्तर लिहितो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते जुलै २०२० पासून लागू झाले आहे. उत्पादनात निर्मितीचा किंवा रचनेचा दोष असेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसेल, तर त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी कलम ८४ नुसार उत्पादकावर येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेली किंमत ५ ते १० लाखांच्या दरम्यान असल्यामुळे आमची फी फक्त २०० रुपये झाली. कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि आयोगाला फार तर १५ दिवस वाढवून देता येतात.

कंपनीच्या लेखी उत्तरात दोन मुद्दे होते. पहिला, चालकाने खड्ड्यात गाडी आपटून स्वतःच नुकसान करून घेतले. दुसरा, स्टिअरिंग जड झाले हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध केलेले नाही. पहिला मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटले. दुसऱ्याला आमच्या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाच्या २० एप्रिल २०२२ च्या निकालाचे उत्तर दिले. ह्युंदाईच्या क्रेटा गाडीचा नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशी जोरदार नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. ग्राहकाने वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवरून धडकेचा आघात मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ असावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि ३ लाख रुपये भरपाई व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. आमच्या प्रकरणात कोडचा फोटो होता आणि त्यावर तारीख-वेळ होती. मेकॅनिककाकांचे ते वाक्य मला तेव्हा आठवले.

चालकावर ठपका ठेवणे ही या उद्योगाची जुनी सवय आहे, आणि चालक चुकलेला असला तरी ती अंगाशी येते. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारी दूरचित्रवाणीवर गाजल्या. कंपनीने उघडपणे चालकांना दोष दिला. १९८९ च्या सरकारी तपासात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे हेच मुख्य कारण निघाले, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कंपनीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर ठरले. तरीही १९८५ मध्ये वर्षाला सुमारे ७४ हजार असलेली तिची तिथली विक्री १९९१ पर्यंत सुमारे १२ हजारांवर आली होती. लोकांनी अहवाल वाचला नाही. आपल्यासारख्या माणसाला कंपनी खोटे पाडते आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

आपल्याकडचे उदाहरण ठाणेकरांना आठवत असेल. मार्च २०१० मध्ये शेजारच्या मुलुंडमध्ये नवीकोरी नॅनो घरी नेतानाच पेटली. आणखी घटना घडल्यावर टाटा मोटर्सने नोव्हेंबरमध्ये एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेत जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली, पण याला रिकॉल (दोषामुळे गाड्या परत बोलावणे) म्हणू नये, रचनेत दोष नाही, असा आग्रह धरला. त्याच नोव्हेंबरात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. घसरणीला कर्ज मिळण्यातील अडचणींसारखी इतर कारणेही होती, हे मान्य केले पाहिजे. कंपनीने पुढच्याच महिन्यात वॉरंटी १८ महिन्यांवरून ४ वर्षांवर नेली आणि ते पाऊल चांगले होते. परंतु ‘रिकॉल नाही’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात संशयच वाढवतात, हे चौदा वर्षांनंतर आमच्या घरी आलेल्या पत्राने मला पुन्हा दाखवून दिले.

ते पत्र जून २०२४ मध्ये, प्रकरण आयोगापुढे चालू असतानाच, साध्या टपालाने आले. पत्र पूर्ण इंग्रजीत होते. विशिष्ट काळात तयार झालेल्या काही गाड्यांत ‘अधिक दक्षता म्हणून’ स्टिअरिंगचा एक भाग मोफत ‘अद्ययावत’ करण्याची सेवा मोहीम कंपनीने हाती घेतली होती. दोष, धोका, तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, यांपैकी एकही गोष्ट पत्रात नव्हती. आमच्या सोसायटीतल्या याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकांनी ते पत्र जाहिरात समजून रद्दीत टाकले होते. मी त्यांना खाली पार्किंगमध्ये बोलावून समजावून सांगितले तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला गेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार कंपनीने स्वतःहून दोष सरकारला कळवून गाड्या परत बोलावल्या तर तिला दंड होत नाही. कायदाच जिथे कबुली देणाऱ्याला संरक्षण देतो तिथे ‘दक्षता’ आणि ‘अद्ययावत’ अशा शब्दांच्या आड उभे राहण्याचे कारण मला समजत नाही.

प्रत्यक्ष दुरुस्तीचे काम मात्र उत्तम झाले आणि ते मोकळेपणाने नोंदवतो. वेळ दिली होती त्याच वेळी गाडी घेतली, स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांड्याचा भाग, पूर्ण बदलला, दिवसभरासाठी दुसरी गाडी दिली आणि त्यानंतर आजपर्यंत तो दिवा लागलेला नाही. एकच गोष्ट नाकारण्यात आली. काढलेला जुना कॉलम मी मागितला. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, असे उत्तर मिळाले. आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तूच हातात नसेल तर तपासणार काय? जनरल मोटर्सचे प्रकरण उलगडले ते एका मृत तरुणीच्या पालकांच्या वतीने लढणाऱ्यांनी जुना स्विच आणि नवा स्विच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा. दोन्हींवर भागाचा क्रमांक एकच होता आणि आतली रचना बदललेली होती. म्हणून दावा चालू असणाऱ्यांनी भाग बदलण्यापूर्वी आयोगाकडे अर्ज करून तो जपून ठेवण्याचा आदेश मागावा. आम्ही तो मागितला नाही, ही आमची चूक झाली.

सप्टेंबरमध्ये प्रकरण मध्यस्थीसाठी गेले. कंपनीचे प्रतिनिधी तयारीनिशी आले होते आणि आईची चौकशी करणारे त्या संपूर्ण काळातले ते पहिले गृहस्थ होते. आमचा खर्च, बंपरचा विम्याबाहेरचा भाग आणि काही भरपाई देण्याचे त्यांनी मान्य केले, पण मसुद्यात दोन अटी होत्या : ही रक्कम ‘सदिच्छा म्हणून’ आहे असे लिहायचे, आणि आम्ही याविषयी कोठेही लिहायचे-बोलायचे नाही. आईने मसुदा ऐकला आणि म्हणाली, “पैसे कमी दिले तरी चालतील, पण त्या घाटातून रोज लोक जातात, त्यांना सांगायचं नाही असं कसं?” आम्ही दुसरी अट नाकारली. तीन आठवड्यांनी कंपनीने ती काढून टाकली, रक्कम थोडी कमी केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तडजोड झाली. ‘सदिच्छा’ हा शब्द तसाच राहिला.

गाडीला मी पाचपैकी चार गुण देईन आणि वर्कशॉपमधल्या माणसांनाही चार. दोष कळल्यावर तो सांगण्याच्या बाबतीत कंपनीला दोनच देतो. त्यांतला एक दुरुस्तीच्या कामाचा आणि दुसरा अट मागे घेण्याचा आहे. ही गाडी घ्यावी का, असे विचारणाऱ्यांना मी घ्या असेच सांगतो, मात्र प्रत्येक जॉबकार्ड सही करण्यापूर्वी वाचा आणि आपण सांगितलेली तक्रार आपल्याच शब्दांत त्यावर लिहून घ्या.

एक काम अजून बाकी आहे. सोसायटीतली याच मॉडेलची तिसरी गाडी मालकाने २०२३ मध्येच कळव्यातल्या एका रिक्षाचालकाला विकली होती. मोहिमेचे पत्र जुन्या मालकाच्या नावाने आले आणि नव्या मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. त्या गाडीचा चासी नंबर आणि सध्याच्या मालकाचा पत्ता, त्यांच्या संमतीने, मी ग्राहक कक्षाला लेखी कळवला आहे आणि दुरुस्तीची तारीख मराठीत कळवावी अशी विनंती केली आहे. उत्तर आले की या परीक्षणात ते जोडीन.