श्रीलंकेची आखणी: गाडी उत्तम, कागद कच्चा (पाचपैकी तीन तारे)

आईचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि इच्छा एकच: अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली बसून वंदना म्हणायची. मला ऑफिसातून आठ दिवसांची रजा. स्वतः शोधाशोध करायला वेळ नव्हता, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका टूर प्लॅनरला काम दिलं. गाडी-हॉटेलांचा खर्च वेगळा, नुसत्या आखणीचे साडेचार हजार. नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि हा प्रकार त्याच्या एकट्याचा नसावा.

पहिला आराखडा आला तो रामायण स्थळांचा. नुवारा एलियाजवळचं सीताम्मा मंदिर, चिलावजवळचं मुन्नेश्वरम. ठिकाणं चांगलीच असतील, पण आम्ही बौद्ध आहोत आणि फोनवर मी ते दोनदा सांगितलं होतं. "मॅडम, इंडियातून सगळे हेच मागतात," इति प्लॅनर. दुसऱ्या आराखड्यात अनुराधपूर आलं, पण सिगिरियाच्या हॉटेलातून जाऊन-येऊन, तीन तासांत. महाविहार, रुवनवेलिसाय आणि जेतवनाराम हे दोन स्तूप, वर जेवण, सगळं तीन तासांत! जेतवनाराम म्हणजे बांधला तेव्हा इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर जगातली सगळ्यात उंच वास्तू. त्याला नुसती प्रदक्षिणा घालायची तरी आईला पाऊण तास लागतो.

मग मी कॅलेंडर उघडलं. आम्ही अनुराधपूरला पोचणार होतो पोसोन पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी. पोसोन म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा. अशोकाचा मुलगा महिंद याच दिवशी मिहिंतलेच्या डोंगरावर राजा देवानंपिय तिस्साला भेटला आणि धम्म लंकेत आला, असं तिथे मानतात. प्लॅनरने ती तारीख मुद्दाम टाळली होती. कारणं खरी होती: पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी, दारू बंद, अनुराधपुरात तुफान गर्दी, हॉटेलं भरलेली. फिरायला जाणाऱ्याला हा सल्ला अगदी योग्य. पण आई त्या गर्दीतच जायला निघाली होती, हे त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी मीच तारखा दोन दिवस अलीकडे ओढल्या. कुरकुर न करता त्याने विमान, हॉटेल, गाडी सगळं बदलून दिलं आणि जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. एक तारा त्याचा.

दुसरा तारा ड्रायव्हरचा. तोही त्यानेच दिला होता. आईला तो 'अम्मा' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवसापासून आई त्याला 'मल्ली' म्हणायला लागली, म्हणजे धाकटा भाऊ. अनुराधपुरात खोली मिळालीच नव्हती, म्हणून आम्ही दांबुल्लाला राहिलो. पोसोनच्या दिवशी मल्लीने पहाटे साडेतीनला दार वाजवलं.

पुढचं सगळं नीट सांगता येणार नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं, हातात कमळं आणि निल-मानेल, म्हणजे निळी कुमुदं. झाडापर्यंत जाता येत नाही. ते वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड आहे आणि फांद्यांना टेकू दिलेत. अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने बुद्धगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलेलं हे झाड, इ.स.पू. 288 मधलं सांगतात. खाली वाळूत बसलेल्या बायका म्हणत होत्या, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." चाल वेगळी, शब्द आमच्या विहारातलेच. दोन दिवस खुणांनी बोलणारी आई तिसऱ्या शब्दाला त्यांच्यात मिसळली. पंचशील झाल्यावर शेजारच्या आजींनी आपल्या ताटातली दोन कमळं तिच्या ओंजळीत ठेवली. पान पडेल म्हणून आई पाऊण तास वर बघत बसली. पडलं नाही. "घरी सगळ्या आज वडाला सूत गुंडाळत असतील," ती म्हणाली, "आणि मी बघ कुठल्या झाडाखाली!"

दुपारी रस्त्याकडेला दान्सल. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फुकट जेवण. चौदा एप्रिलला आपल्याकडे सरबत वाटतात तसाच आग्रह, फक्त इथे भात आणि डाळ. आराखड्यात त्या जागी लिहिलं होतं, 'लंच: बुफे'.

तक्रारी आता. मिहिंतले गाळलं होतं. शेरा होता: '1840 पायऱ्या, सीनियर सिटिझनसाठी अशक्य'. मल्लीला सांगितलं तर तो हसला. गाडी वरच्या पार्किंगपर्यंत जाते आणि बऱ्याचशा पायऱ्या वाचतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पायऱ्या आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून, तीनदा बसून पार केल्या. वर अंबस्थल स्तूपापाशी चपला काढाव्या लागतात आणि उन्हात दगड तव्यासारखा तापतो. मोजे चालतात! ही एक ओळ बारा पानी पीडीएफमध्ये असती तर माझे तळवे वाचले असते. त्याच पीडीएफच्या मुखपृष्ठावर एक बाई बुद्धमूर्तीकडे पाठ करून हसत उभी. तिथे असं उभं राहिलात तर पहारेकरी हटकतो.

कँडीच्या दंतमंदिरात, जिथे बुद्धाचा दात जपलाय, संध्याकाळी साडेसहाच्या पूजेची वेळ मात्र त्याने अचूक साधली. पाऊण तास आधी माडीवरच्या रांगेत उभं राहा, हेही लिहिलं होतं. तिसरा तारा त्याचा. खाली ढोल घुमतात, वर दार उघडतं आणि रांग पुढे सरकता सरकता दंतधातूचा सोन्याचा करंडक क्षणभर दिसतो. प्रत्यक्ष दात दिसत नाही, तो आतच असतो. जागतिक बौद्ध परिषदेसाठी 1950 साली बाबासाहेब कँडीला आले होते, हे आईने मल्लीला सांगितलं, मी इंग्रजीत भाषांतर केलं. पीडीएफमध्ये कँडीपुढे होतं 'जेम शॉपिंग, दीड तास'. वाटेत मातले गावी मसाल्याची बाग, तिथे पाऊण तास. हे थांबे कशासाठी असतात ते सांगायला नको. मी दोन्ही खोडले.

जाणाऱ्यांनी एवढं करा: पासपोर्ट जवळच ठेवा, पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त असतं. तेही मल्लीनेच सांगितलं.

परत आल्यावर प्लॅनरचा फोन आला. मी मिहिंतलेच्या पार्किंगचं आणि मोज्यांचं सांगितलं. "नोट करतो मॅडम." गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीला त्याचा आराखडा आला. मुखपृष्ठावर तीच बाई. मिहिंतलेपुढे 1840 पायऱ्या, अशक्य.